बिनफेसाचे धुणे

द्रौपदाबाईंना निवांत बसलेले मी फार थोड्या वेळा पाहिले आहे. जेवतानासुद्धा त्या उकिडव्या बसायच्या, एक टाच उचललेली, आणि अर्धी भाकरी हातात असतानाच त्यांचे डोळे दोरीवरच्या चादरींकडे लागलेले असायचे. चहा तर त्या उभ्यानेच प्यायच्या. कपातला शेवटचा घोट बहुतेक वेळा हौदाकडे जाताना वाटेत संपायचा.

आळेफाट्यावर ज्या लॉजमध्ये मी काउंटरवर रजिस्टर सांभाळतो, त्या लॉजच्या मागच्या अंगाला त्यांची खोली. खोलीसमोर हौद, हौदाच्या कडेला धुण्याचा दगड. बावीस वर्षे त्या लॉजच्या चादरी त्यांनी त्या दगडावर धुतल्या. मी तिथे आलो त्याला सहा वर्षे झाली. त्याआधी मी पेठेच्या बाजूला पोस्टमन होतो. मला लिहिण्याची सवय नाही. आयुष्यभर दुसऱ्यांचे लिहिलेलेच पोचवले. पण लॉजवर धुण्याचे मशीन आल्यावर जे घडले त्यात माझीही एक चूक होती, आणि ती मी कुणाजवळ नीट बोललेलो नाही, म्हणून हे लिहितो आहे. नीट जमेल की नाही, सांगता येत नाही.

द्रौपदाबाई पिंपळवंडीच्या. धनगराच्या घरातल्या. लहानपणी दिवाळी झाली की मेंढरांबरोबर घाट उतरून कोकणात जायचे आणि पावसाच्या तोंडाशी परत वर यायचे, असे त्यांचे वर्ष जायचे. लग्नानंतरही तेच. नवरा गेला, मेंढरे विकली गेली, आणि मुलगा जानकू शेती करू लागला. आता त्याचे स्लॅबचे घर आहे, पिकअप आहे, टोमॅटो आहे. मुलगा वाईट नाही. उलट तो दर महिन्याला येऊन म्हणायचा की आई, पुष्कळ केलंस, आता घरी चल आणि बस. या शेवटच्या शब्दाला बाई इतक्या घाबरायच्या की तो आला की त्या मुद्दाम एखादी धुतलेली चादर पुन्हा पिळायला घ्यायच्या.

मला एकदा म्हणाल्या होत्या, "बसल्यालं मेंढरू दुखण्याईत आसतंय, पोस्टमनभाऊ. चांगलं मेंढरू चरत चालतं."

त्यांच्या चादरींचे नाव होते. नगरकडे जाणारे व्यापारी, नाशिकचे बिल्डर, लेण्याद्रीला निघालेली कुटुंबे, कितीतरी लोक मला चावी परत देताना म्हणायचे की चादर फार छान होती. पांढरीशुभ्र आणि पापडासारखी कडक. त्या कडकपणाचे कारण बाईंच्या माहेरी होते. घोंगडीला चिंचोक्याची खळ देतात, म्हणजे चिंचोके भिजवायचे, वाटायचे, शिजवून लापशी करायची आणि ती घोंगडीला चोळायची. घोंगडी ताठ होते, अंग धरते. बाईंनी तीच खळ पातळ करून चादरींच्या शेवटच्या पाण्यात घालायला सुरुवात केली होती. कुणी शिकवले नव्हते. त्यांना वाटले आणि केले.

गेल्या वर्षी संक्रांतीनंतर लॉजवर आणखी एक मजला चढला. आमचे मालक भगवंतशेठ. त्यांच्या सूनबाई वैजयंती पुण्यात शिकलेल्या. त्यांनी बाईंचा उजवा खांदा पाहिला होता. तो वर जाईना झाला होता, वेणी घालताना बाई डोके खाली वाकवायच्या. सूनबाईंनी शेठना सांगून मागे हौदाजवळ मोठे मशीन आणवले. समोरून काचेचे गोल दार असलेले, कमी पाण्यात आणि कमी विजेत धुणारे. बसवायला आलेल्या माणसाने दहा मिनिटे हिंदीत काहीतरी सांगितले, एक माहितीपुस्तक दिले आणि तो पुढच्या गावाला गेला.

ते पुस्तक बाईंनी माझ्याकडे आणले. "वाचा," म्हणाल्या.

पूर्वी लोक अशीच पत्रे माझ्या हातात द्यायचे. नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका पत्रातला कडू मजकूर मी जरा गोड करून वाचला होता, आणि त्यावरून दोन भावांचे वर्षभर बोलणे बंद पडले होते. तेव्हापासून मी एक नियम धरला. जे लिहिले आहे ते वाचायचे, आपले पदरचे काही घालायचे नाही. तो नियम मी पोस्टातून निवृत्त झालो तरी सोडला नव्हता.

पुस्तकात हिंदी पाने होती. मी वाचत गेलो आणि जमेल तसे मराठीत सांगत गेलो. पावडर या मशीनसाठी मिळते तीच घालायची, आणि ती दोन चमचे. बाईंनी माझ्या चहाच्या ट्रेमधला चमचा उचलून पाहिला.

"एवढ्यात माझा पदर तरी निघंल का?"

मी म्हणालो, असे लिहिले आहे.

"लिवणाऱ्यानं कदी चादर धुतली हाय का?"

मला हसू आले. पुढे मशीनच्या वरच्या खणाचे चित्र होते. त्यात तीन कप्पे. तिसऱ्या कप्प्यावर फुलाची खूण. त्यातले द्रव्य मशीन शेवटच्या पाण्यात आपोआप सोडते, असे मी वाचले.

"म्हंजी खळीचा कप्पा," बाई लगेच म्हणाल्या.

पुस्तकात कपडे मऊ करणाऱ्या कसल्याशा औषधाचे नाव होते. ते काय असते हे मला नक्की माहीत नव्हते. मऊ करणे आणि खळीने कडक करणे या उलट्या गोष्टी आहेत, एवढे मात्र माझ्या ध्यानात आले होते. पण बाईंना समजले असे दिसले, त्यांचा चेहरा उजळला होता, आणि मी पान उलटले. माझी चूक ती हीच.

मशीन सुरू झाले आणि बाईंची तगमग सुरू झाली. बटन दाबले की दार कुलूपबंद व्हायचे आणि वरच्या पट्टीवर आकडे यायचे. एक तास बावीस मिनिटे. आकडे बाईंना वाचता येत. बावीस वर्षे हात पाण्यात असलेल्या बाईला आता हात घालायची सोय उरली नव्हती. त्या काचेला नाक लावून आत बघायच्या. आत पाणी तळाला थोडेसे, आणि फेस जवळजवळ नाहीच. एकदा दार ओढून बघायच्या. मग हौदापर्यंत जायच्या, गच्चीवर जायच्या, दोरी पुसायच्या, परत यायच्या. दर दहा मिनिटांनी काउंटरवर येऊन मला विचारायच्या, आता किती राहिले असेल. काय आकडा होता ते त्या स्वतःच बघून आलेल्या असायच्या.

तिसऱ्या दिवशी त्यांनी मशीन चालू असताना वरचा खण ओढला आणि हाताने धुवायची आपली नेहमीची पावडर दोन मुठी आत टाकली. वर दोन तांबे पाणी. थोड्या वेळात काच पांढरी झाली. बाई खुशीत माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या की आता कुठे ते धुवाय लागलंय. त्या दिवसापासून तोच रिवाज पडला. चादरी दाबून दाबून भरायच्या, कारण फेऱ्या कमी होतील तेवढे बरे. पावडर मुठीने. तिसऱ्या कप्प्यात खळ. रात्री ओल्या चादरी आत राहिल्या तरी दार घट्ट लावून ठेवायचे, धूळ जाऊ नये म्हणून.

महिना झाला नाही तोच चादरींचा रंग उतरू लागला. पांढऱ्याच्या राखाडी झाल्या. कडक होत्या, पण तो पापडाचा कडकपणा नव्हता, वाळलेल्या सारवणासारखा होता. वास कुबट. एकदा संगमनेरच्या एका बाईंनी सकाळी काउंटरवर येऊन मला हाताचे कोपर दाखवले. लाल चट्टे उठले होते. मी माफी मागितली आणि रजिस्टरमध्ये खोली रिकामी असे लिहिले. द्रौपदाबाई जिन्यात उभ्या होत्या. त्यांनी ते कोपर पाहिले होते.

बाईंना यावर एकच उपाय माहीत होता. आणखी पावडर, आणखी खळ.

भगवंतशेठ रागीट नाहीत. कडू बोलायचे असले की ते पंख्याकडे बघून बोलतात. एका सोमवारी सकाळी ते पंख्याकडे बघत म्हणाले की शनिवारी संध्याकाळी नाशिकहून चाळीस माणसांचा ग्रुप येतोय, सगळ्या खोल्या भरतील. आणि नारायणगावच्या एका लाँड्रीवाल्याशी त्यांचे बोलणे झाले आहे. शनिवारपर्यंत चादरी धड निघाल्या तर ठीक, नाहीतर रविवारपासून लाँड्रीची गाडी येऊन चादरी घेऊन जाईल. मागची खोली मग सामानाला लागेल.

"मावशी, तुमच्यावर राग नाही माझा," ते म्हणाले. "पण जानकू इतकं म्हणतोय. आता घरी जाऊन बसा की आरामात."

बाई मागे गेल्या आणि हौदाभोवती फिरू लागल्या. मी खिडकीतून पाहत होतो. तीन फेऱ्या झाल्या, चार झाल्या. जाऊन काही बोलावे असे वाटत होते. पण तेवढ्यात एक गिऱ्हाईक आले.

त्याच दुपारी त्यांनी मशीनमधून निघालेल्या सहा चादरी पुन्हा दगडावर घेतल्या. डाव्या हाताने आपटत होत्या. सहावी होईपर्यंत उजवा खांदा धरला आणि त्यांना चादर पिळता येईना. पण त्या सहा चादरींनी एक गोष्ट दाखवली. बाईंनी साबणाला हातही लावला नव्हता, तरी हौदाच्या कडेने वाहणारे पाणी ताकासारखे पांढरे होते, आणि बुळबुळीत. बादलीवर बादली ओतली तरी पांढरे येतच राहिले.

त्या तशाच ओल्या हातांनी काउंटरवर आल्या. रजिस्टरवर थेंब पडले.

"ते पुस्तक काडा," म्हणाल्या. "पुन्यांदा वाचा. आन ह्या टायमाला नुसतं वाचू नका, पोस्टमनभाऊ. तुमाला काय वाटतं ते बी सांगा."

मला असे कुणी सांगितल्याचे आठवत नाही. मी पुस्तक काढले, चष्मा पुसला, पुन्हा पुसला. मग वाचण्याच्या आधीच मी सांगून टाकले की तो तिसरा कप्पा खळीचा नाही, हे मला पहिल्या दिवशीच वाटले होते. आणि मी बोललो नाही.

मला वाटले आता बाई बोल लावतील. त्या म्हणाल्या, "चला, बगू तरी काय झालंय त्येचं."

खण बाहेर निघतो हे आम्हाला पुस्तकातल्या चित्रावरून कळले. निघता निघेना. बाईंनी तो हिसडा देऊन ओढला आणि मागची जागा दिसली. काळपट, चिकट, जेलीसारखा थर. महिनाभराची खळ तिथे आंबत होती. मग बाईंनी दाराच्या रबरी कडेची घडी बोटाने उलटली. तिथेही तेच, शिवाय दोन केसांच्या पिना आणि एक बटन. त्यांनी बोट नाकाशी नेले.

"ह्योच वास," त्या म्हणाल्या. "त्या बाईच्या चादरीला ह्योच वास."

मी म्हणालो, चूक माझी आहे, मीच शेवटचे पाणी असे वाचले होते.

"तुमी वाचलं. पर खळ माझी व्हती."

एवढे बोलून त्यांनी जुना दात घासायचा ब्रश शोधला. खण, कप्पे, रबराची प्रत्येक घडी त्यांनी घासली. मला त्यांनी खालची गाळणी काढायला लावली. ती उघडताच माझ्या पायावर गढूळ पाणी आले आणि बाई त्या दिवसात पहिल्यांदा हसल्या. म्हणाल्या, पोस्टात असलं पार्सल येत नसेल. नंतर रिकामे मशीन सगळ्यात गरम पाण्यावर चालवायचे, असे पुस्तकात होते. तसे चालवले.

मंगळवारी सकाळी आम्ही जुन्या राखाडी चादरी आत घातल्या आणि पावडर घातलीच नाही. ही कल्पना पुस्तकातली नव्हती, बाईंच्या ताकासारख्या पाण्यावरून मला सुचली होती, आणि सांगताना मी दोनदा म्हणालो की माझे चुकतही असेल. बटन दाबले. बाई सवयीने दाराशी गेल्या. दहा मिनिटे झाली असतील. मग त्यांनी मला हाक मारली नाही, नुसता हात हलवला.

काचेच्या आत फेस होता. एक कणही पावडर न घालता काच अर्धी पांढरी झाली होती.

बाई दारासमोर बसल्या. उकिडव्या नव्हे, जमिनीवर मांडी घालून. महिनाभर ज्याला त्या धुणे समजत होत्या तो त्यांच्याच मुठींचा साबण होता. तो चादरीतून निघालाच नव्हता, आणि त्यांनी त्यावर रोज आणखी चढवला होता. हे मी त्यांना समजावले नाही. त्यांना दिसत होते.

"फेस म्हंजी धुनं न्हवं तर," त्या म्हणाल्या.

पण समजणे आणि हाताने ऐकणे यात अंतर असते. त्या चादरी तशाच तीनदा बिनपावडरच्या गरम पाण्यातून काढल्यावर फेस थांबला. चौथ्या वेळी पावडर घालायची होती. मी फाट्यावरच्या दुकानातून अशा मशीनची पावडर आणली होती. बाईंनी दोन चमचे घातले, आणि मी वळलो तोच त्यांची मूठ डब्यात गेलेली मला दिसली. त्यांनी स्वतःच ती काढून घेतली. मग नवा डबा आणि जुन्या पावडरीचे पोते दोन्ही आणून माझ्या काउंटरखाली ठेवले.

"कुलूप लावा. माज्या हाताचा भरवसा न्हाई."

तेव्हापासून प्रत्येक धुण्याच्या आधी त्या वाटी घेऊन यायच्या आणि मी चमच्याने मोजून द्यायचो. आमच्या बोअरचे पाणी जड आहे, डाळ लवकर शिजत नाही. अशा पाण्याला थोडी जास्त लागते असे पुस्तकात होते. दोन चमच्यांनी उशांचे अभ्रे नीट निघाले नाहीत म्हणून बुधवारी मी अडीच दिले, मग तीन. तीनवर आम्ही थांबलो. गिऱ्हाइके माझ्याकडे विचित्र नजरेने बघायची, की हा म्हातारा काउंटरवर काय मोजून देतो आहे.

तरी बुधवारच्या चादरी मनासारख्या निघाल्या नाहीत. मधे स्वच्छ आणि घड्यांत मळकट. बाई कातावल्या. दोन तास जिने चढून उतरल्या. त्यांना वाटले की दगडच बरा होता. शनिवारला तीन दिवस राहिले होते, आणि जानकूचा फोन येऊन गेला होता की शनिवारी दुपारी गाडी घेऊन येतो, सामान बांधून ठेव.

मी पुस्तकात शोधले. तिथे लिहिले होते की वर वीतभर जागा रिकामी ठेवावी. बाई तर गुडघ्याने दाबून भरायच्या. मी हे सांगितल्यावर त्यांनी दुसऱ्या टोकाला जाऊन दोनच चादरी घातल्या. त्या दोन्ही एकमेकींना गुंडाळून दोरखंड झाल्या, आणि पाणी निथळायच्या वेळी मशीन असे आदळू लागले की वैजयंतीबाई वरच्या मजल्यावरून खाली धावत आल्या.

मशीन थांबल्यावर बाई तिथेच उभ्या राहिल्या. नजर कुठेतरी लांब होती. मग त्या हळूहळू सांगू लागल्या, की लोकर कातरायच्या आधी मेंढरे नदीवर नेऊन धुवायची असतात. त्यांच्या सासऱ्याचे एक गणित होते. सगळा कळप एकदम पाण्यात घातला तर दाटी होते, मेंढरू हलत नाही, पोटाखालची घाण तशीच राहते. एकटेच घातले तर ते भेदरते आणि पाय झाडते. आठ-दहा घातली की ती एकमेकींना घासत पाणी कापतात आणि धुऊन निघतात. माणसाने नुसते काठावरून हाकायचे.

"साबन न्हाई, काय न्हाई," बाई म्हणाल्या. "मेंढरू मेंढराला धुतं."

त्यांनी आठ चादरी मोजून घातल्या. एकेक झटकून, मोकळी करून, घडी न ठेवता. वर वीतभर जागा राहिली. दार लावले. काचेतून चादरी वर जाऊन खाली पडताना दिसत होत्या, वर जाऊन खाली पडत होत्या. बाई म्हणाल्या, बघा, आता चालत्यात.

गुरुवारच्या त्या आठ चादरी गच्चीवर वाळल्या तेव्हा मी मुद्दाम वर गेलो. बुद्धपौर्णिमेला विहारात जायचा माझा पांढरा सदराही बाईंनी त्यांच्यात टाकला होता, मला न विचारता. सदरा आणि चादरी एका दोरीवर होत्या. सदऱ्याची कॉलर मी नाकाला लावली. कसलाच वास नव्हता. पाण्याचाही नाही.

पुढचे दोन दिवस मशीन सकाळपासून दिवेलागणीपर्यंत फिरत होते. मधे एकदा वीज गेली आणि दार उघडेना. त्या अर्ध्या तासात बाईंनी मला आठ वेळा विचारले की चादरी आत गुदमरणार तर नाहीत. प्रत्येक धुण्यानंतर त्या रबराची घडी कोरड्या फडक्याने पुसायच्या आणि दार उघडे ठेवायच्या. धूळ जाईल हे भय त्यांना अजून होते, म्हणून दारावर एक पातळ ओढणी टाकायच्या.

एक तास बावीस मिनिटांचे मात्र काही जमत नव्हते. मशीनसमोर उभे राहिले की हात खणाकडे जायचा. शेवटी त्यांनी चालायला सुरुवात केली. बटन दाबले की चप्पल घालून नाशिकच्या बाजूच्या पेट्रोल पंपापर्यंत जायचे, तिथून माघारी यायचे, पुन्हा जायचे. दोन फेऱ्या झाल्या की धुणे झाले. दुसऱ्याच दिवशी पंपावरचे ट्रकवाले त्यांना ओळखू लागले. गॅरेजमधल्या पप्पू मेकॅनिकने एकदा विचारले, मावशी, लग्न ठरवायला निघालात का सारख्या. बाई म्हणाल्या, "तुझंच ठरवायला चालली व्हते. पोरीनं तुझी चादर बगितली आन न्हाई म्हनली."

शनिवारी सकाळी अकराच्या सुमारास भगवंतशेठ गच्चीवर आले. मी त्यांच्या मागे दोन पायऱ्या खाली थांबलो. बाई दोरीच्या पलीकडे होत्या, चादरींच्या खालून फक्त त्यांचे पाय दिसत होते, आणि ते पाय एका जागी नव्हते. शेठनी एक चादर धरली. उजेडात बघितली, वास घेतला, गालाला लावली. दुसरी घेतली. तिसरीचा कोपरा त्यांनी मनगटावर घासून थोडा वेळ वाट पाहिली. संगमनेरच्या बाईंचे कोपर तेही विसरले नव्हते.

"पांढरी झालीये," ते म्हणाले. मग म्हणाले, "पण पूर्वीचा कडकपणा नाही राहिला."

चादरींमागचे पाय थांबले.

बाई बाहेर आल्या. मला वाटले, आता त्या खळ पुन्हा हाताने देईन म्हणतील. खांदा तसा असूनही त्यांनी ते केले असते.

"न्हाई राहिला," त्या म्हणाल्या. "आता मऊच मिळंल, शेठ. खळ बंद केली मी. ज्याला कडक पायजे त्येनं घोंगडीवर निजावं."

शेठ हसले नाहीत. त्यांनी आणखी एकदा चादर बोटांत धरली, खाली येऊन काउंटरवरचा फोन उचलला आणि लाँड्रीवाल्याला सांगितले की उद्या गाडी पाठवू नका. पुढच्या महिन्यात बघू, असेही म्हणाले. ते पुढच्या महिन्याचे मी बाईंना सांगावे की नाही, हे मला ठरवता येईना. मग सांगितले. त्या म्हणाल्या, बरं, महिना लई झाला.

दुपारी जानकू पिकअप घेऊन आला. त्याने गाडी मागे घेतली, हौदाशी लावली, आणि पाठीमागचे फळकूट उघडले. खोलीत त्याला बांधलेले एकही गाठोडे दिसले नाही. बाई शेवटच्या आठ चादरी मशीनमध्ये घालत होत्या. माझ्याकडून तीन चमचे त्या आधीच घेऊन गेल्या होत्या.

तो म्हणाला, "आई, चल की. किती वेळ लावशील?"

"बस," बाई म्हणाल्या.

जानकूला कळले नाही. त्याने आयुष्यात आईच्या तोंडून हा शब्द ऐकला नसावा.

"बस म्हनलं ना. तितं दगडावर बस. एक तास बावीस मिनटं हाईत. आन ते दार वडू नगंस, येळ झाली की आपुन उघडतंय." मग त्यांनी थोडक्यात सांगितले की त्या इथेच राहणार आहेत, गाडी रिकामी न्यायची नसेल तर काउंटरखालचे जुन्या पावडरीचे पोते घेऊन जा, भिमाबाईला गोठा धुवायला होईल. भिमाबाई म्हणजे त्याची बायको. एवढे सांगून त्यांनी चप्पल घातली आणि त्या नाशिकच्या बाजूला चालू लागल्या.

जानकू धुण्याच्या दगडावर बसला. थोडा वेळ मशीनकडे बघत राहिला, मग उठून काउंटरवर आला आणि त्याने मला विचारले की काका, आई परत कधी येईल.

मी मागे जाऊन मशीनच्या पट्टीवरचा आकडा वाचला. "अठ्ठावन्न मिनिटे," मी त्याला सांगितले. तो जायला वळला, तेव्हा मी आपल्या पदरचेही थोडे घातले. "पण तिला धीर निघणार नाही. मधे एकदा येऊन दार ओढून बघेल. तेव्हा तू बघितलेस असे तिला दाखवू नकोस."